रक्ताचा नमुना दिला, पुढे त्याचं काय झालं?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची जगप्रसिद्ध दरी आहे. त्या दरीच्या पोटात, तळाशी, सुपाई नावाचं गाव आहे. गावाला गाडीरस्ता नाही. वरून आठ मैल पायी उतरायचं, नाहीतर खेचरावर बसायचं, नाहीतर हेलिकॉप्टर. टपालसुद्धा तिथं खेचरांच्या पाठीवरून येतं. या गावात हवासुपाई जमातीची काही शे माणसं राहतात. १९९० च्या सुमारास या छोट्या जमातीत मधुमेहाने थैमान घातलं होतं. निम्म्याहून जास्त बायकांना साखर. पाय कापावे लागत होते, डायलिसिससाठी गाव सोडून जावं लागत होतं. लोकांनी आपणहून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाकडे मदत मागितली. विद्यापीठाचे लोक आले आणि रक्त घेऊन गेले. लोकांनी विश्वासाने हात पुढे केले. एरवी रक्त देणं त्यांच्या श्रद्धेत सहजी बसणारं नाही, तरीही दिलं, कारण घरात माणसं आजारी होती.

मधुमेहाचा काही उलगडा झाला नाही. पण रक्त फ्रीजरमध्येच राहिलं. २००३ साली कार्लेटा टिलौसी नावाची हवासुपाई तरुणी विद्यापीठात एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला जाऊन बसली. तिथं तिला कळलं, की तिच्या माणसांच्या रक्तावर भलतंच संशोधन चाललं आहे. तिने भर सभेत उठून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? मग एकेक बाहेर आलं. त्या नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला होता. जमातीत आपसातल्या लग्नांचं प्रमाण किती, याचा झाला होता. त्यांचे पूर्वज आशियातून कसे आले, याचाही झाला होता, आणि ही जमात तर स्वतःला त्या दरीतूनच जन्मलेली मानते. संमतीच्या कागदावर शब्द मोघम होते, तोंडी सांगितलं होतं मधुमेहाचं.

२००४ मध्ये जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि रक्ताचे नमुने परत मिळाले. काही नमुने देणारी माणसं तोवर वारली होती. त्यांच्या रक्तासाठी नातेवाईक विद्यापीठात गेले, फ्रीजर उघडला, आणि म्हातारी माणसं तिथंच रडली.

मी २० वर्षांहून जास्त काळ सुई हातात धरली आहे. शीर सापडत नाही तेव्हा किती हलक्या हाताने शोधावी लागते, लहान लेकराला कसं बोलतं करावं लागतं, हे मला ठाऊक आहे. पण नळी लेबल लावून प्रयोगशाळेत गेली की आमचा संबंध संपतो. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमात आम्हाला नमुना कसा घ्यायचा, कोणत्या झाकणाच्या नळीत घ्यायचा, किती वेळात पोचवायचा हे सगळं शिकवलं. उरलेल्या रक्ताचा मालक कोण, हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. म्हणून हवासुपाईंची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचली, आणि त्याच वाटेने मला डॉ. क्रिस्टल त्सोसी यांचं काम सापडलं. आज त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

त्सोसी नवाहो आहेत. ही जमात स्वतःला ‘दिने’ म्हणवते, दिने म्हणजे माणसं. नवाहो नेशन हा अमेरिकेतल्या आदिवासींचा सगळ्यात मोठा प्रदेश आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत तो पसरला आहे, आणि आपल्या विदर्भाच्या पाऊण हिश्शाइतका भरेल. नोंदणी झालेले लोक सुमारे चार लाख. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, कोर्ट आहे, पोलीस आहेत. पण दुःखही मोठं आहे. १९४४ पासून चार दशकं त्यांच्या जमिनीतून अणुबॉम्ब आणि अणुभट्ट्यांसाठी युरेनियम काढलं. पाचशेहून अधिक खाणी तशाच उघड्या टाकून कंपन्या निघून गेल्या. खाणीत उतरलेल्या बापांना फुप्फुसाचे कॅन्सर झाले. १९७९ मध्ये चर्च रॉक इथं धरण फुटून किरणोत्सारी पाणी नदीत गेलं, त्याच नदीवर मेंढरं पाणी पीत होती.

सरकारी दवाखान्यांचाही अनुभव तसाच. १९७६ साली अमेरिकेच्या सरकारी तपासणी खात्यानेच अहवाल दिला, की आदिवासींसाठीच्या आरोग्यसेवेने १२ पैकी फक्त चार विभागांत तीनेक वर्षांत ३,४०६ नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या आणि संमतीच्या नियमांत ढळढळीत उणिवा होत्या. हे वर्ष वाचून आपल्याकडच्या जाणत्या वाचकांना आणीबाणी आठवेल. त्या काळात नसबंदीसाठी गाड्यांत भरून नेलेले लोक कोणत्या वस्त्यांतले होते, तेही आठवेल.

अशा अनुभवातून गेलेल्या नवाहो नेशनने २००२ मध्ये आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनाला सरसकट स्थगिती दिली. त्यावर बाहेरचे पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणाले, हे लोक अडाणी आहेत, विज्ञानाला घाबरतात. हे वाक्य आपणही किती वेळा ऐकलं आहे! बाई दवाखान्यात आली नाही की ती अंधश्रद्ध, आणि आली तर तिला लेबर रूममध्ये काय बोललं जातं ते कुणी विचारायचं नाही.

या स्थगितीच्या काळातच एक नवाहो मुलगी जनुकशास्त्र शिकायला निघाली. ज्या शास्त्राला घरच्या दारात बंदी, तेच तिने निवडलं. शिक्षण ॲरिझोना स्टेट विद्यापीठात, म्हणजे हवासुपाईंचं रक्त ठेवणाऱ्या त्याच विद्यापीठात. तिथं जीवशास्त्राबरोबर त्यांनी नीतिशास्त्राचाही अभ्यास केला. पुढे टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून पीएच.डी. आणि आता पुन्हा ॲरिझोना स्टेटमध्येच प्राध्यापक. मला यातलं धैर्य फार मोठं वाटतं. ज्या इमारतीत आपल्या लोकांचा विश्वासघात झाला, त्याच इमारतीत खुर्ची घेऊन बसायचं आणि तिथल्या विद्यार्थ्यांना परवानगी म्हणजे काय ते शिकवायचं.

त्सोसी स्थगितीच्या विरोधात बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं आहे: आपले लोक ‘नाही’ म्हणाले, तो त्यांचा अधिकार आहे. पण ‘हो’ म्हणायची वेळ येईल तेव्हा प्रयोगशाळा, फ्रीजर, संगणक आणि ते चालवणारी माणसं आपली हवीत. म्हणून त्यांनी इतर आदिवासी शास्त्रज्ञांबरोबर ‘नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्शियम’ उभं केलं. ही अमेरिकेतली आदिवासींनी स्वतः चालवलेली पहिली बायोबँक, म्हणजे रक्ताचे, जनुकांचे नमुने आणि त्यांची माहिती जपून ठेवणारी संस्था. ती आहे साउथ डकोटात, शायेन रिव्हर सू जमातीच्या भूमीवर. जागा मुद्दाम निवडली आहे. आदिवासी भूमीवर ठेवलेला नमुना जमातीच्या कायद्याखाली येतो. उद्या कुणी तो पळवला, विकला, भलत्या कामाला वापरला, तर जमातीच्या कोर्टात जाब विचारता येतो. फ्रीजर कुठल्या जमिनीवर उभा आहे यावर इतकं अवलंबून असतं, हे मला तरी आधी सुचलं नव्हतं.

कॅनडात याच विचाराला एक नाव मिळालं आहे. तिथल्या नू-चा-नुल्थ लोकांचं रक्त १९८० च्या दशकात सांधेदुखीच्या अभ्यासासाठी घेतलं, ८८३ जणांचं, आणि संशोधक ते घेऊन आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडला गेला. लोकांना पत्ताच नाही. ते रक्त परत यायला २००४ साल उजाडलं. त्यानंतर तिथं ‘उसनं दिलेलं रक्त’ ही कल्पना पुढे आली. आपण शेजारणीला वाटीभर साखर उसनी देतो तसं. वापरायला दिलं, पण मालकी आपली. दुसऱ्या कामाला वापरायचं तर परत विचारायला यायचं.

आणि हे सगळं फक्त कज्जेदलालीचं काम नाही. त्सोसींचं स्वतःचं संशोधन बायकांच्या आरोग्यावर आहे. नॉर्थ डकोटातल्या टर्टल माउंटन चिपेवा जमातीतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियावर त्यांनी जमातीच्या सहभागाने काम केलं. प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे काय ते आपल्या आशाताईंना सांगायला नको. सातव्या-आठव्या महिन्यात पायावर, तोंडावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बीपी वर, लघवीत प्रोटीन. वेळेत पकडलं नाही तर झटके येतात आणि बाई व बाळ दोन्ही जातात. काही घराण्यांतल्या बायकांनाच हे जास्त का होतं, याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही. युरोपियन बायकांच्या नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष सगळ्यांना जसेच्या तसे लागू पडतील, असं धरून चालता येत नाही. म्हणजे संशोधन नाकारलं तर नुकसान आपल्याच लेकीसुनांचं. त्सोसींच्या कामाला धार येते ती या पेचामुळे.

नवाहोंचंच उदाहरण घ्या. त्यांच्यात दर दोन हजार जन्मांमागे साधारण एक बाळ असं जन्मतं, की त्याला प्रतिकारशक्तीच नसते. साध्या सर्दीने, तोंडातल्या बुरशीने ते मरतं. या आजाराचं जनुक २००२ च्या आसपास सापडलं. २०२२ च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी या आजाराच्या दहा बाळांवर जनुकोपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. आई आपल्या बाळाला वाचवायला रक्त द्यायला केव्हाही तयार असते. तिला फक्त खरं सांगा.

२०१८ मध्ये एलिझाबेथ वॉरेन या अमेरिकन सिनेटरबाईंनी डीएनए तपासणी करून घेतली आणि आपल्यात आदिवासी अंश असल्याचं जाहीर केलं. तेव्हा चेरोकी नेशनने ठणकावलं, की जमात तपासणीच्या अहवालावरून ठरत नाही. त्सोसींनीही सहकाऱ्यांबरोबर लेखणी उचलली. कोण आपलं, हे नातं, गाव, जमातीची नोंद आणि जबाबदारी यांवरून ठरतं, नळीतल्या थेंबावरून ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. एकेकाळी आपल्याकडे नाकाची मापं घेऊन जातींच्या वंशांची उतरंड लावत होते, आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये तीच मापं हातात घेऊन दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आता नाकाच्या जागी जनुक आलं आहे.

पैशाचा भाग तर त्याहून उघडा आहे. त्याच २०१८ मध्ये घरबसल्या थुंकी पाठवा आणि आपले पूर्वज जाणून घ्या म्हणणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत एका औषध कंपनीने ३० कोटी डॉलर गुंतवले, ग्राहकांच्या जनुकीय माहितीचा उपयोग औषधं शोधायला व्हावा म्हणून. २०२५ च्या मार्चमध्ये ती थुंकीवाली कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि लाखो लोकांना प्रश्न पडला की आपली माहिती आता कुणाच्या हाती जाणार. पैसे देऊन थुंकी पाठवणारे सुशिक्षित गोरे लोक तिथं हतबल झाले. मग आपलं काय?

आपल्याकडे सिकलसेल आहे. तो फक्त आदिवासींचा आजार समजून काहीजण पान उलटतील, म्हणून स्पष्ट लिहिते. विदर्भात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि नागपूरच्या डॉक्टरांना हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. ही तपासणी करून घ्याच, असं मी विहारात, शाळेत, लग्नाच्या मांडवात सांगत फिरते आणि इथंही सांगते. बोटाच्या थेंबावर आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर दंडातून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन पुढची तपासणी होते आणि तुम्ही ‘एएस’ म्हणजे वाहक की ‘एसएस’ म्हणजे पीडित ते कळतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात बाळ पीडित असण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळलेलं बरं.

पण त्सोसींचं वाचल्यावर माझ्या डोक्यातले प्रश्न वाढले. एवढ्या कोटी लोकांची जनुकीय माहिती सरकारी संगणकात जमा होते आहे. ती कोण पाहू शकतं? नळीत उरलेलं रक्त नष्ट होतं की ठेवलं जातं? उद्या त्यावर कुणाला वेगळं संशोधन करायचं असेल तर ते आपल्याला पुन्हा विचारायला येणार का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साठवलेल्या नमुन्यांवर देणाऱ्याचा हक्क मान्य केला आहे. संमती मागे घेता येते, आणि व्यापारी फायदा झाला तर वाटा देण्याचीही चर्चा त्यात आहे. कागद चांगला आहे. तो आमच्या शिबिरातल्या टेबलापर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही.

संमती आपल्याकडे कशी घेतली जाते, याचा दाखला देशाच्या संसदेतच आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी एचपीव्ही लस अभ्यासाचा भाग म्हणून दिली गेली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, पुष्कळशा वसतिगृहांतल्या. कितीतरी अर्जांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. मी नर्स आहे, मला ही लस मोलाची वाटते, आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. म्हणूनच तर राग येतो. चांगली लससुद्धा न विचारता टोचली, तर पुढची दहा वर्षं त्या गावात आया दार लावून घेतात.

आणि गुप्तता? एका गावी, नाव लिहीत नाही, शिबिरानंतर पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं माईकवरून वाचली गेली, कार्ड घेऊन जा म्हणून. त्यात १९ वर्षांची एक मुलगी होती. नुसती वाहक, अशांना सहसा काही त्रास होत नाही. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी स्वतःच्या मुलाची तपासणी मात्र केलीच नव्हती. तेव्हापासून त्या घरातलं कुणीच शिबिराला येत नाही, आणि त्यांना समजावण्याइतकं माझ्याकडे शहाणपण नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर जनुकात बदल करणारा उपचार मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपले १८ कोटींच्या घरात. तो आपल्या वाट्याला कधी येईल ते येईल. तूर्तास हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला मिळाल्या तरी कितीतरी लेकरांच्या हाडांतल्या कळा कमी होतील. ‘साठा संपला, पुढल्या मंगळवारी या’ हे वाक्य ऐकून ४० किलोमीटर परत जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. तपासणीच्या आकड्यांसाठी गाडी वस्तीपर्यंत येते, गोळीसाठी मात्र आईला तालुक्याला जावं लागतं.

त्सोसींच्या संस्थेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते आदिवासी मुलामुलींना जनुकशास्त्र आणि माहितीशास्त्र शिकवतात. उन्हाळी शिबिरं घेतात, संगणकावर आपलीच माहिती कशी वाचायची ते दाखवतात. अमेरिकेत २०११ पासून आदिवासी तरुणांसाठी जनुकशास्त्राची अशी एक उन्हाळी कार्यशाळा चालते, तिथून निघालेली मुलं आज स्वतः प्रयोगशाळा चालवत आहेत. आपल्या मुली नर्सिंगला येतात, लॅब टेक्निशियन होतात. मला त्याचा अभिमान आहे, मी त्यांच्यातलीच. पण रक्त काढणारे हात आपले आणि त्यावर निबंध लिहिणारे दुसरे, ही वाटणी किती दिवस चालवायची? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बार्टीची फेलोशिप आहे. दर वर्षी आपली मुलं त्यांवर बाहेर जातात. त्यांतली दोन-चार जणं जनुकशास्त्राकडे, आरोग्याच्या आकडेशास्त्राकडे वळावीत म्हणून प्राध्यापक मंडळींनी बारावीपासूनच कुणाच्या तरी मागे लागावं. ‘स्पर्धा परीक्षा दे’ म्हणून जितके मागे लागता, त्याच्या निम्मं जरी लागलात तरी चालेल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. वस्तीत शिबिर येईल तेव्हा जरूर जा, लेकरांना न्या. टेबलावरच्या सिस्टरला अगदी साधं विचारा: ताई, हे रक्त फक्त सिकलसेलसाठी आहे ना? उरलेल्याचं काय करता? माझा रिपोर्ट कोण बघेल? कागदावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. सिस्टर चिडली तर तिला दोष देऊ नका, तिलाही वरून कुणी सांगितलेलं नसतं. तिला म्हणा, तुम्ही डॉक्टरांना विचारून सांगा, आम्ही थांबतो. आणि रिपोर्ट येईल तेव्हा तो तुमच्याच हातात, बाजूला घेऊन, समजावून द्यावा असं आधीच सांगून ठेवा. महिला मंडळांनी एवढं केलं तरी पुष्कळ. ज्या मंडळांना शिबिराआधी हे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हवे असतील त्यांनी या पानाच्या पत्त्यावर कळवावं, मी लिहून पाठवीन.